दवाखान्याचं बाकडं

दुसरबीडच्या मोटार स्टँडवर जानरावाचं हॉटेल होतं. पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून त्याला हॉटेल म्हणायचं. चार बल्ल्या, वर टिनपत्रे, समोर मातीची भट्टी आणि बसायला दोन बाकडी. जानराव स्वतः चहा पीत नसे. कोणी कारण विचारलं, तर समोर कप ठेवेपर्यंत तो उत्तर देत नसे, आणि कप आल्यावर गिऱ्हाईक प्रश्न विसरून जाई. तो खुशीत आहे की दुःखात, हे त्याच्या तोंडावरून ओळखण्याचा नाद गावाने केव्हाच सोडला होता. लग्नाच्या दिवशीही तो असाच दिसत होता, असं त्याची बायको शालूबाई सांगे.

तो मूळचा सुलतानपूरचा. शेती थोरला भाऊ बघे. जानरावाने मेहकरला एका हॉटेलात कपबश्या विसळून धंदा शिकून घेतला आणि या रस्त्यावर येऊन भट्टी पेटवली. पुढे हॉटेलला लागून त्याने दोन खोल्या बांधल्या. त्या सावजी डॉक्टरांनी दवाखान्यासाठी घेतल्या.

डॉक्टर नागपूरला शिकलेले, एल.एम.पी. ही त्या वेळची डॉक्टरी पदविका घेतलेले. बोलणं कमी, फी त्याहून कमी. रोग्याने बाटली घरून आणायची. कंपाउंडर ठेवण्याइतकी मिळकत नव्हती, म्हणून डॉक्टर स्वतःच औषध कालवत आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देत. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. छातीला नळी लावली की त्यांना घाई नसे. डोळे मिटून ऐकत बसत. डॉक्टरांना झोप लागली असं समजून नवा रोगी कधीकधी शर्टाच्या गुंड्या लावायला लागे.

जानरावाचा हिशेब साधा होता. रोगी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर सासू येते, चुलता येतो, गाडी हाकणारा येतो, आणि कारण नसताना शेजारी येतो. रोगी आत जातो आणि बाकीचे चहा पितात. डॉक्टरांच्या भरवशावरच त्याने दुसरं बाकडं केलं होतं आणि दुधाचा रतीब वाढवला होता.

महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतर तीनेक वर्षांत रस्ता सुधारला आणि जालन्याला जाणारी एस.टी. रोज सकाळी वेळेवर यायला लागली. सगळ्या गावाला आनंद झाला. त्याच सुमारास जालन्याच्या एका खाजगी डॉक्टरांनी फोटोची मशीन आणली. सकाळच्या गाडीने जायचं, छातीचा फोटो काढायचा, बाजारात फिरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी यायचं. आजारपणात एवढी मजा पूर्वी नव्हती.

पहिला फोटो आला तो उकंडरावांच्या सुनेचा. उकंडराव गावातले मोठे शेतकरी. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी तो काळा कागद हॉटेलसमोर उन्हात धरला आणि माणसं गोळा झाली. सुनेचा फोटो चारचौघांत दाखवावा की नाही, असा प्रश्न निघाला. पण त्यात चेहरा नाही, पदर नाही, नुसत्या बरगड्या आहेत, हे पाहून घरच्या बायकांनी हरकत घेतली नाही. त्यानंतर फोटो काढून आणणं ही पत झाली. ज्यांना काही होत नव्हतं तेही छातीत जड वाटतं म्हणायला लागले. सावजी डॉक्टरांकडे फक्त मशीनपर्यंत जाण्याची ऐपत नसलेले रोगी उरले. ते सोबत माणूस आणत नव्हते आणि चहाही पीत नव्हते.

पोळ्याच्या सुमारास डॉक्टरांनी जानरावाला सांगितलं की बुलढाण्याला त्यांचे मेहुणे भगवानराव ओव्हरसियर आहेत, त्यांनी तिकडे नोकरीचं जमवलं आहे, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या होतील. जानरावाने मान हलवली आणि कप विसळला. रात्री त्याने शालूबाईला एवढंच सांगितलं, "डॉक्टर जाऊन राह्यले. ते गेले का आपलं हॉटेल बसलं."

"मंग बसू द्या," शालूबाई म्हणाली. "आपण सुलतानपूरले जाऊ." भावाच्या दारात परत उभं राहण्यापेक्षा जानराव काहीही करायला तयार होईल, हे ठाऊक असल्याशिवाय ती असं बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी जानराव फकीर मोहम्मदच्या चक्कीवर गेला. गावात वीज नव्हती. चक्की तेलाच्या इंजिनावर चाले. त्याच इंजिनावर फोटोची मशीन चालेल का, हे जानरावाला विचारायचं होतं. फकीर मोहम्मद कोणत्याही यंत्राला नाही म्हणत नसे. पट्टा जोडून देतो म्हणाला, पण त्या वेळात दळण बंद राहील, तेव्हा गावाला पीठ पाहिजे की फोटो, हे आधी ठरवून घ्या. शिवाय मशीनची किंमत त्याने जालन्यात ऐकली होती. ती ऐकल्यावर जानराव पोत्यावर टेकला.

टेकला तेव्हा पोतं फुसकन दबलं. रांगेत सगळ्यात पुढे ठेवलेलं ते पोतं होतं.

"ते नंबराचं पोतं हाये, भाऊ," फकीर मोहम्मद इंजिनाला तेल घालता घालता म्हणाला. "दोन पोते माह्येच हायेत. भुसा हाये त्यात. चक्की रिकामी दिसली का बाया म्हणतात, याचं पीठ जाडं येत असंल. दोन पोते समोर दिसले का तिसरी आपसूक डबा ठेवते."

जानराव उठला, पोतं थापटून पूर्वीसारखं फुगवलं आणि घरी आला. त्याच संध्याकाळी त्याने हॉटेलातलं एक बाकडं उचलून दवाखान्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

जालन्याची गाडी हॉटेलसमोर थांबत असे, कारण ड्रायव्हर-कंडक्टर चहा घेत. तेवढा वेळ उतारूंना खिडकीतून दवाखान्याशिवाय पाहायला काही नव्हतं. जानरावाने रिकामटेकडी माणसं हेरली आणि गाडीच्या वेळी त्यांना ओट्यावर बसवायला सुरुवात केली. मोबदला एक कप चहा. पेढीवर याला जाहिरातीचा खर्च म्हणतात. जानराव कपच म्हणे. अटी मोजक्या होत्या: हसायचं नाही, पत्ते काढायचे नाहीत, बिडी ओढायची नाही, आणि एकाने तरी गुडघा धरून बसायचं. इंजिन बंद असलं की फकीर मोहम्मदही येऊन बसे. एकदा त्याने दोन्ही गुडघे धरले, तेव्हा जानरावाने येऊन एक सोडवला.

बाकड्याच्या टोकाला पुंजाजी बसे. तो शालूबाईचा धाकटा भाऊ. बायको वारल्यापासून बहिणीकडेच राहत होता. पाणी भरायला लावलं तर धाप लागे, लाकडं फोडायला लावलं तर बसून राही. आयतं खाऊन अंग जड झालं, असं जानरावाचं मत होतं, पण पुंजाजीच्या अंगावर तर मूठभर मांस नव्हतं. जानरावाने इकडे लक्ष दिलं नाही. बाकड्यावर मात्र पुंजाजीची किंमत वाढली. तो खोके. गाडी थांबली की नेमका खोके, आणि असा खोके की खिडकीतली माणसं माना बाहेर काढत.

जानराव त्याला दोन कप द्यायला लागला. शालूबाईने ही संधी सोडली नाही. "माह्या भावाले काही जमत नाही म्हणत होते ना? आता पाहा." जानरावाने पाहिलं आणि ते कबूल केलं. अशा बाबतीत तो अन्याय करणारा माणूस नव्हता.

योजनेला फळही आलं. सुलतानपूरची झुंबरबाई म्हणून एक म्हातारी कंबरेच्या दुखण्यासाठी जालन्याला निघाली होती. ओट्यावरची गर्दी पाहून ती मध्येच उतरली. गाडी निघून गेली आणि कराराप्रमाणे बाकड्यावरची माणसं उठून आपापल्या वाटेने गेली. झुंबरबाईने लुगडं सावरून वर पाहिलं तर ओटा रिकामा. डॉक्टरांनी तिला तपासलं, शेक सांगितला, औषध दिलं. ती सुलतानपूरला परत गेली आणि तिने गावभर सांगितलं की दुसरबीडच्या डॉक्टराचा हात असा आहे, की गाडी सुटेपर्यंत आठ-दहा जण बरे होऊन घरी गेले, त्यातल्या एकाचा तर गुडघा धरलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या आठवड्यात सुलतानपूरकडून चार-पाच बैलगाड्या आल्या. पण पुढच्या आठवड्यात एकच आली, आणि दिवाळी जवळ येत चालली.

डॉक्टर हे सगळं दाराच्या पडद्यातून पाहत असावेत, पण काही बोलत नव्हते. एका सकाळी गाडी गेल्यावर ते हॉटेलात आले. हॉटेलात येण्याची त्यांची पद्धत नव्हती, म्हणून जानरावाने फडक्याने बाकडं पुसलं. डॉक्टर बसले नाहीत.

"जानराव, तुमच्या माणसांत तो टोकाला बसून खोकतो, त्याला आत पाठवा."

"तो माह्या साळा हाये डॉक्टरसाहेब. त्याले काही झालं नाही. तो नाटक करून राह्यला."

"बाकीचे नाटक करतात," डॉक्टर म्हणाले. "त्याला पाठवा."

पुंजाजी आत गेला. डॉक्टरांनी नळी लावून डोळे मिटले. जानराव दारात उभा होता. इतका वेळ डोळे मिटलेले त्याने पूर्वी पाहिले नव्हते. मग डॉक्टरांनी विचारलं, संध्याकाळी अंग तापतं का? तापतं. रात्री घाम येतो का? येतो. थुंकीत कधी लाल दिसलं का? पुंजाजी म्हणाला, एक-दोनदा दिसलं, पान खाल्लं असेल. पुंजाजी पान खात नव्हता.

डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवलं आणि जानरावाला सांगितलं की हा क्षय आहे, फोटो काढून खात्री करून घेऊ, पण मला शंका नाही. औषध आहे. रोज एक सुई, बरोबर गोळ्या, आणि हे कित्येक महिने. मध्येच सोडलं तर केलेलं वाया जातं. त्याची ताट-वाटी, कप वेगळा ठेवायचा. हॉटेलातला प्रत्येक कप उकळून घ्यायचा. आणि जे जे त्याच्याजवळ बसले त्यांच्या छात्या मला ऐकाव्या लागतील.

जानरावाने विचारलं, हे लोकांना सांगावंच लागेल का. डॉक्टर म्हणाले, "मी बाहेर जाऊन सांगणार नाही. घर तुमचं आहे. पण न सांगता ते येतील कशाला?"

त्या दिवशी जानरावाने भट्टी लवकर विझवली. पुढचं त्याला स्वच्छ दिसत होतं. ज्या हॉटेलात क्षयाचा माणूस राहतो तिथे कोणी चहा पिणार नाही. डॉक्टर दिवाळीनंतर जाणार, पण हॉटेल दिवाळीआधीच बसणार. पुंजाजीला गुपचूप सुलतानपूरला मळ्यात नेऊन ठेवलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. तिथे रोज सुई कोण देणार, हा एक प्रश्न होता. आणि ओट्यावर त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांचं काय, हा दुसरा. दोन महिने रोज गाडीच्या वेळी जानरावानेच त्यांना तिथे बसवलं होतं. खोकला बरा जमला म्हणून पुंजाजीला दुसरा कप देताना त्याने तो त्याच कपबश्यांतला दिला होता.

शालूबाईला त्याने सगळं सांगितलं. मळ्याचंही सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तिकडं त्याले सुई कोण देईन?"

"तेच पाहून राह्यलो."

"त्याले तिकडं धाडलं तर मी संग जाईन," ती म्हणाली. "मंग करा हॉटेल."

सकाळी गाडीच्या वेळेला माणसं नेहमीप्रमाणे हॉटेलात जमली. ओट्यावर जाण्याआधी चहा घ्यायची त्यांना सवय लागली होती. जानराव भट्टीसमोर उभा राहिला. दूध संपलं हे जसं सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "पुंजाजीले क्षय हाये. डॉक्टरनं तपासलं. तुम्हाले मीच त्याच्यापाशी बसवलं होतं. आता आपापली छाती डॉक्टरले दाखवून घ्या. त्याचे पैसे मी देईन. आज चहा नाही."

 एकाने हातातला कालचा विसळलेला कप जिथून उचलला होता तिथे परत ठेवला. मग फकीर मोहम्मद उठला. जानरावाकडे न पाहता तो ओट्यावर गेला आणि बाकड्यावर बसला. या वेळी त्याने गुडघा धरला नाही. त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. बाकडं भरलं तेव्हा उरलेले पायरीवर बसले. बातमी घरोघर पोचल्यावर बायका आल्या, म्हातारे आले. गेल्या वर्षभरात ज्यांनी जानरावाच्या हॉटेलात चहा घेतला होता ते सगळे आपल्या छातीचा विचार करू लागले, आणि त्यातून गावात फारसं कोणी सुटत नव्हतं.

गाडी आली. ड्रायव्हरला चहा मिळाला नाही. उतारूंनी खिडकीतून पाहिलं तर ओटा, पायऱ्या, समोरचं अंगण माणसांनी भरलं होतं आणि आतून खरंच कोणीतरी खोकत होतं. जालन्याची तिकिटं काढलेली दोघं-तिघं तिथेच उतरली. जानराव रिकाम्या हॉटेलात उभा राहून हे पाहत होता. त्याला हवं होतं ते सगळं त्याच्या डोळ्यासमोर घडत होतं, फक्त चहा कोणी मागत नव्हतं.

डॉक्टर दिवेलागणीपर्यंत ऐकत होते. बहुतेकांना त्यांनी घरी पाठवलं. पुंजाजीशिवाय आणखी दोघांबद्दल त्यांना शंका आली. तिघांना त्यांनी चिठ्ठी देऊन जालन्याला पाठवलं: फोटो काढून रोग्यास परत पाठवावे. इतकी वर्षं त्यांनी अशी चिठ्ठी कधी दिली नव्हती. आपला रोगी आपण दुसऱ्याच्या दारात पाठवायचा, हे त्यांना कमीपणाचं वाटत असे. जालन्याच्या डॉक्टरांनी मात्र तिघांनाही डाग दाखवणाऱ्या फोटोसकट संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं आणि निरोप दिला की असेच पाठवत जा. ते सरळ होतं. मशीनला रोज नवी छाती लागते. पण रोज एका सुईसाठी दुसरबीडहून जालन्याला महिनोन् महिने कोणी जाऊ शकत नाही, आणि जालन्याचा डॉक्टर दुसरबीडला येऊ शकत नाही. ही गोष्ट गाडी सुरू झाली त्या दिवसापासून खरी होती. ती लक्षात यायला एवढं सगळं व्हावं लागलं.

तेव्हापासून फोटो हॉटेलसमोर उन्हात धरायचं बंद झालं. माणसं गाडीतून उतरून तो काळा कागद घेऊन थेट दवाखान्यात जात. डॉक्टर तो खिडकीशी धरत, पाहत, आणि मग स्टोव्ह पेटवून पिचकारी उकळायला ठेवत.

दिवाळी झाली आणि भगवानराव ओव्हरसियर बुलढाण्याहून मेहुण्यांना न्यायला आले. सामान बांधलेलं नव्हतं. दारात रांग होती. त्यांनी मी पाहुणा आहे असं सांगून पाहिलं, तेव्हा रांगेतली एक म्हातारी म्हणाली, आम्हीही पाहुणेच आहोत, मागं उभे राहा. ओव्हरसियर मागे उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी सुई उकळत्या पाण्यातून काढता काढता सांगितलं की तिघांचं मध्येच सोडता येत नाही, आणि आता चौथा आला आहे. नोकरीचं काय सांगू, असं ओव्हरसियरांनी विचारलं. जागा भरून टाका, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने ओव्हरसियर एकटे परत गेले. चहा न घेता.

हॉटेलचं सावरायला तो हिवाळा गेला. जानरावाने भट्टीच्या बाजूला मोठं पातेलं चढवलं आणि प्रत्येक कप-बशी गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर उकळून चिमट्याने काढायला सुरुवात केली. पहिले काही दिवस पातेलं नुसतंच उकळत होतं. मग दवाखान्यात तिष्ठत बसलेल्यांपैकी एकाला राहवेना. तो आला, चिमट्याने काढलेला कप त्याने पाहिला, आणि म्हणाला की डॉक्टरच्या सुईसारखंच आहे हे. हे बाकीच्यांनी ऐकलं. उन्हाळा लागेपर्यंत मेहकर-जालना रस्त्यावरचे ड्रायव्हर दुसरबीडला उकळलेल्या कपातला चहा मिळतो असं सांगायला लागले. त्यात चहाची काही विशेष तारीफ नव्हती, पण जानरावाने ती तारीफच धरली.

पुंजाजी इतके दिवस मागच्या निंबाखाली बाजेवर पडून असे. रोज सकाळी तो दवाखान्यात जाऊन दंड पुढे करी आणि परत येई. पुढल्या पोळ्याच्या सुमारास डॉक्टरांनी त्याचा दुसरा फोटो खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला आणि सुई बंद केली. गोळ्या आणखी काही दिवस चालू राहतील, म्हणाले, हलकं काम करायला हरकत नाही.

त्या दिवशी गाडीच्या वेळी पुंजाजी ओट्यावर आपल्या जुन्या जागी बसायला गेला. बाकड्याच्या टोकाला एक गरोदर बाई बसली होती, तिच्याशेजारी तिची सासू, आणि पुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. तो थोडा वेळ उभा राहिला, मग हॉटेलात येऊन जानरावासमोर बसला.

"तिथं जागा नाही, जवाईबापू."

"हाव," जानराव म्हणाला. त्याने पातेल्यातून चिमट्याने कप काढला, चहा ओतला आणि पुंजाजीसमोर ठेवला. त्याचा वेगळा ठेवलेला कप फळीवर तसाच होता. "आजपासून यातच घे. आन् आता खोकलास तं दुसरा कप भेटणार नाही."

पुंजाजी चहा प्यायला. तो खोकला नाही. जानरावाने रिकामा कप उचलून पातेल्यात टाकला आणि तो उकळून निघण्याची वाट पाहत उभा राहिला.